खाली रेडा, वर सासू

...नाही, पण तुम्हीच सांगा, रानरेडा मागे लागल्यावर माणूस झाड निवडत बसतो का हो? ‘हे नको, याची साल खरखरीत आहे, जरा पलीकडचं बघू’ असं करतो का कुणी? पुढ्यात येईल त्यावर चढतो! मीही चढलो. चप्पल खाली, भेटीला नेलेली कोंबडी खाली, आणि मी फांदीला मिठी मारून देवाचे आभार मानतोय, तर वरून खोकला आला. ओळखीचा खोकला... माझी सासू!

खाली रेडा, वर सासू. जाणार कुठे?

आता लुआंग्वा नदीच्या काठी आमची रीत कशी, जावयाने सासूकडे बघायचं नाही, तिच्याशी बोलायचं नाही. वाटेत समोरून आली तर आपण या बाजूच्या गवतात शिरायचं, तिने त्या बाजूच्या. झाडावर कुठलं आलंय गवत? बोलायचंच झालं तर मध्ये तिसरं कुणीतरी हवं, सांगायचं त्याला आणि ऐकायचं तिने. पण आदर तर दाखवायलाच हवा ना? आमच्यात वडीलधाऱ्यांपुढे दोन्ही हातांनी टाळ्या वाजवतात. मी शहाण्यासारखा दोन्ही हात सोडले, वाजवली टाळी... आणि गेलो की उलटा! पाय फांदीत अडकले म्हणून वाचलो. रेड्याचा श्वास केसांना लागला हो माझ्या!

कसाबसा सरळ झालो. वर बघायची सोय नाही, खाली बघायची हिंमत नाही, समोर बघावं तर शेजारच्या झाडावर गिधाडं येऊन बसलेली, अगदी पंगतीला बसावीत तशी.

आणि चाललो होतो कशाला, तर बायकोला आणायला. तियामिके रुसून माहेरी गेलेली, पोर पाठीला बांधून. मी एवढंच म्हटलं होतं, “न्सिमात आज गुठळ्या आहेत.” मक्याच्या पिठाचं ते, होतात गुठळ्या! पण ती परत येणार की नाही, हे ठरवणार सासू. म्हणून तर अभयारण्यातली जवळची वाट धरली. एक तरस फिदीफिदी करत मागे आलं होतं, तेव्हाच समजायला हवं होतं मला.

तेवढ्यात वरून आवाज आला.

“रेडेदादा, मी बाई रानभाजी खुडायला आले, तू मला झाडावर चढवलंस. पण मला सांग, तुझी म्हैस पुढ्यात गवत ठेवते, तेव्हा तू नाक मुरडतोस का रे?”

मी गारच! मध्ये तिसरा मिळाला होता ना तिला!

मी म्हटलं, “रेडेदादा, चुकलं. गुठळीसकट गिळीन. पण पोराशिवाय घर खायला उठतं हो.”

“रेडेदादा, विचार, माझी लेक रात्री रडली तेव्हा हा कुठे होता?”

“रेडेदादा, दारात बसून मीही रडत होतो... शेजाऱ्यांना विचारा.”

रेडा कान हलवत कधी तिचं ऐकतोय, कधी माझं. इतका समजूतदार पंच आमच्या गावात नाही! शेवटी ती खाकरली. “बरं, रेडेदादा, मग सांग त्याला, माझी लेक...”

आणि रेडा निघाला! चालता झाला हो पाणवठ्याकडे!

तिचं वाक्य अर्धंच. मध्ये कुणी नाही, बोलणार कशी? ‘माझी लेक’ काय? येतेय? नाही येत? मग मी काय केलं असेल? हाका मारल्या! “अहो रेडेदादा! या हो परत! एवढं वाक्य तरी ऐकून जा!”

आला. धावतच आला. दिवस मावळेपर्यंत हलला नाही.

पुन्हा तेच. खाली रेडा, वर सासू.

पण वाक्य पुरं झालं. “सांग त्याला, माझी लेक येईल. पण या माणसावर लक्ष ठेवायला मीही येईन राहायला.”

आली. अजून आहे. रेडा गेला जंगलात, सासू माझ्या घरात. आणि मध्ये कुणीतरी लागतंच, म्हणून अंगणात बोकड बांधलाय. तक्रारी त्याला, उत्तरं त्याला. फक्त हल्ली मी बोलायला लागलो ना, की तो तोंड फिरवून तिच्याकडे बघतो.