दवाखान्यात हनिमूनची सवलत

मंडळी, आधी एकच विचारतो. समोरचा काय बोलतो ते कळत नाही, तरी आपण मान डोलावतो — ती श्रद्धा, की भीती? सांगा! नाही सुचत? असू दे. तत्त्व सोपं आहे. ईश्वर हा मुळात सहामाही सगुण आहे, आणि उरलेला काळ आडव्या अर्थाने निर्गुण! — वा नाना, काय मान डोलली! — तर ऐका.

पुण्यात एक भली मोठी कन्सल्टिंग कंपनी. करतात काय? दुसऱ्यानं धंदा कसा चालवावा, ते सांगतात! स्वतः चालवत नाहीत हो — नुसतं सांगतात! तिथे आपला निरंजन केळशीकर. सज्जन माणूस. मॅनेजर व्हायचं म्हणून कधीचा झिजतोय. बायकोनं तर माहेरी सांगूनही टाकलंय, "हे मॅनेजर झाले!" आली का पंचाईत?

त्याचे साहेब, हर्षवर्धन सर, म्हणाले, "निरंजन, उद्या सांगलीच्या हॉस्पिटलला सल्ला द्यायचाय. काम मिळालं, की तू मॅनेजर!"

"सर, पण तयारी?"

"गोव्याच्या हॉटेलच्या स्लाइड्स आहेत ना? 'हॉटेल' काढ, 'हॉस्पिटल' घाल. 'पाहुणा' काढ, 'पेशंट' घाल. झालं!"

हसू नका! आम्ही बुवासुद्धा गेल्या वर्षीचंच आख्यान तुमच्या गावात आणतो. पण निदान वाचून तरी बघतो!

सांगली. समोर हॉस्पिटलचे ट्रस्टी. मधे मुख्य डॉक्टर, उमाताई आरवाडे. सर बोलतायत, निरंजन बटण दाबतोय.

"आपला पेशंट दोन दिवसांत निघून जातो. ही चिंतेची बाब आहे!"

ट्रस्टींच्या माना डोलल्या.

"त्याला असा आनंद द्या, की दर दिवाळीत सहकुटुंब परत येईल!"

पुन्हा डोलल्या! निरंजनला दरदरून घाम. "सर... पुढची नको."

"पुढची!"

आली पुढची — 'नवविवाहित पेशंटना हनिमूनची खास सवलत. पलंगावर गुलाबाच्या पाकळ्या!'

एक ट्रस्टी शेजारच्याला म्हणतो, "पाकळ्या आपल्या बागेतल्याच वापरू!"

उमाताईंनी चष्मा काढला. निरंजनकडे बघितलं. "तुम्ही सांगा हो. तुमच्या आईचं ऑपरेशन इथं झालं, तर तिला दर दिवाळीत परत आणाल?"

आता? हो म्हणावं, तर आई! नाही म्हणावं, तर मॅनेजरकी! सरांनी टेबलाखालून पाय दाबला — पण पाय निघाला एका ट्रस्टींचा! ते दचकून ओरडले, "आणू! आणू!"

निरंजन उठला. "नाही डॉक्टर. हे सगळं हॉटेलचं आहे. शब्द मीच बदलले. तुमचं हॉस्पिटल आम्ही अजून बघितलंसुद्धा नाही."

बायकोचं माहेर डोळ्यांपुढं तरळलं बिचाऱ्याच्या!

आणि उमाताई खो खो हसल्या. "मग बघा की! चला वॉर्डात. काम देते — पण ह्या कामाचे मुख्य हे असतील तरच!"

सर? पापणी लवली नाही! "आमचं पहिल्यापासून तेच धोरण होतं!"

ट्रस्टींनी काय केलं असेल? — बरोब्बर! डोलावल्या!

हसलात? हसा. पण मघाशी मी म्हणालो, ईश्वर सहामाही सगुण. म्हणजे काय हो, नाना? मलाही ठाऊक नाही! आडवा अर्थ कुठं असतो का? आणि अख्खा मंडप डोलत होता, आमच्या पेटीवाल्यासकट! निरंजन नोकरी पणाला लावून उठला. तुमचं काय जात होतं? एकानं तरी म्हणायचं, "बुवा, काय बडबडताय?"

घ्या टाळ. आता नाम घेऊ. ह्याला मात्र खुशाल डोला!