गुरुवारी तीन ते पाच मी अस्वल होतो

मी, हॉस्टेलवर 'पाहुणा' या नावाने ओळखला जाणारा, वय वर्षे वीस, धंदा शिक्षण, दुसरे वर्ष विज्ञान, रोल नंबर त्रेचाळीस, राहणार कॉलेजचे हॉस्टेल, खोली नंबर अकरा, आज शनिवारी सायंकाळी साडेपाच वाजता ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, मी वरील पत्त्यावर दीड वर्षापासून राहतो. खोलीत माझ्यासोबत एक मित्र असतो. कोणाचीही सही तो एकदा बघून हुबेहूब करतो, म्हणून सगळे त्याला झेरॉक्स म्हणतात. धंद्याच्या रकान्यात हवालदारांनी 'अस्वल' असेही लिहिले आहे. त्याला माझी हरकत नाही.

मी दर गुरुवारी दुपारी तीन ते पाच खेळण्यांच्या दुकानात अस्वलाचा पोशाख घालून मुलांसमोर नाचतो. आज दुकानाला दहा वर्षे झाली म्हणून जादा खेळ होता. पावणेपाचला दोन शिपाई आले आणि मला चालू नाचातून उचलून येथे घेऊन आले. पोशाखाची चेन पाठीवर आहे, ती दुसऱ्याने उघडावी लागते. मी तीन वेळा विनंती केली, कोणी उठले नाही. त्यामुळे गळ्यापासून खाली मी अजून अस्वल आहे. डोके शेजारच्या बाकावर ठेवले आहे. पासपोर्टच्या कामाला आलेले लोक त्याच्यासोबत फोटो काढून घेत आहेत.

माझ्यावर आरोप असा की, परवा गुरुवारी साडेतीन वाजता मी भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतून प्रोजेक्टर नेला आणि परत केला नाही. साहित्याच्या वहीत रोल नंबर त्रेचाळीसची सही आहे. त्याच दिवशी प्रॅक्टिकलच्या हजेरीपटावरही माझी सही आहे. या टर्ममध्ये अकरा गुरुवार झाले आणि अकराही सह्या सुंदर आहेत. त्यातली एकही मी केलेली नाही.

सह्या झेरॉक्सने केल्या. करायला मीच सांगितले होते, हे लपवत नाही. पंचाहत्तर टक्के हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत. पण मी हजेरी लावायला सांगितले होते, चोरी करायला नव्हे. आमच्या हॉस्टेलात जो जागेवर नसेल त्याच्या नावावर सगळे खपवायची पद्धत आहे. फुटलेली काच माझ्या नावावर आहे, वाचनालयाचे हरवलेले पुस्तक माझ्या नावावर आहे. मागच्या महिन्यात 'वक्तशीरपणाचे महत्त्व' या निबंधाला मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाल्याचे मला नोटीस बोर्डावरून कळले. तोपर्यंत मी हसत होतो, ही माझी चूक.

प्रॅक्टिकलच्या सरांना माझ्यासमोर उभे केले. सर म्हणाले, "हाच तो. तिसऱ्या टेबलावर असतो. गुरुवारी मी त्याला प्रश्न विचारला, त्याने उत्तरही दिलं." मी विचारले, "सर, काय उत्तर दिलं?" सर म्हणाले, "बरोबर दिलं." सरांनी या टर्ममध्ये मला आज पहिल्यांदा पाहिले, तेही अस्वलाच्या अंगात. मी तसे म्हटल्यावर सर म्हणाले, "मी माझ्या मुलांना ओळखतो. उगाच दीडशहाणपणा करू नकोस." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, असे मी हवालदारांना म्हणालो. हवालदार म्हणाले, "संन्यासी राहू दे, आधी अस्वल तरी सिद्ध कर."

ते सिद्ध होईना. दुकानदारांना फोन लावला तर त्यांनी कानांवर हात ठेवले. ते म्हणाले, "दोन पोरं आलटून पालटून येतात. आत कोण असतं ते मी कशाला बघू? मला नाचल्याशी मतलब." गुरुवारी माझे निदान सव्वाशे फोटो निघाले असतील. त्यातल्या एकातही मी दिसत नाही.

त्यानंतर हवालदारांच्या परवानगीने मी झेरॉक्सला फोन केला. तो म्हणाला, "अरे, प्रोजेक्टर कुठे पळून जातोय? मॅच बघायला आणला होता. कॅरमबोर्डाखाली चादर घालून ठेवलाय. फक्त त्याची काच फुटली." मी म्हणालो, येऊन तसे सांग. तो म्हणाला, "मी सांगितलं तर मला कॉलेजातून काढतील. तू हो म्हण ना, नाहीतरी तुझ्याच नावावर आहे." मग मलाही काढतील, हे मी त्याला सांगितले. त्यावर तो म्हणाला, "तू कुठे येतोस कॉलेजला?" हवालदारांनी ठाण्याच्या फोनवरून त्याला पुन्हा फोन केला तेव्हा त्याने मला ओळखतही नसल्याचे सांगितले. दीड वर्ष माझी चादर वापरणारा माणूस आहे हा. मला याचा भयंकर राग आला आहे आणि तो लिहून घ्यावा.

हवालदारांनी कळवल्यावरून सहा वाजता माझे वडील आले. ते चार दिवसांसाठी माझ्या थोरल्या बहिणीकडे आले आहेत, तिचे सासर याच गावात आहे. वडिलांनी सत्तावीस वर्षे शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून बाटल्या धुतल्या, मुलांसाठी साहित्य मांडले. स्वतः एकही प्रयोग केला नाही. प्रॅक्टिकल हा शब्द ते जरा सावरून बसून उच्चारतात.

माझ्या पोशाखाकडे त्यांनी एकदा पाहिले. ते हवालदारांना म्हणाले, "साहेब, याने काहीतरी नाटकात भाग घेतलेला दिसतोय, ते सोडा. पण गुरुवारी साडेतीनला हा प्रॅक्टिकललाच होता. आजवर एक चुकवलेलं नाही. मी छातीठोक सांगतो." हवालदारांनी ते लगेच लिहून घेतले. सर म्हणाले, "बघा, वडीलसुद्धा तेच म्हणतात."

म्हणून मला पुढील गोष्ट सांगणे भाग पडले. गुरुवारी साधारण साडेतीनला वडील माझ्या चार वर्षांच्या भाचीला घेऊन दुकानात आले. मी त्यांना ओळखले. त्यांनी मला ओळखले नाही. भाची अस्वलाला घाबरली, तेव्हा वडिलांनी माझा पंजा स्वतःच्या हातात घेतला आणि तिला म्हणाले, "बघ, काही करत नाही. गुणी आहे." ती खेळणी बघायला गेली तरी त्यांनी पंजा सोडला नाही. ते म्हणाले, "उकडत असेल ना रे आत? पाणी वगैरे देतात का? माझा धाकटा तुझ्याएवढाच आहे. सायन्सला. आत्ता त्याचं प्रॅक्टिकल चालू असेल, एकही चुकवत नाही. घरी आला की दोन वाक्यं धड बोलत नाही माझ्याशी. अभ्यासाचा ताण असतो." अस्वलाने बोलायचे नाही, असा दुकानाचा नियम आहे. मी मान हलवली. त्यांनी रुमालाने अस्वलाचे कपाळ पुसले.

हे शब्द अस्वलाच्या आत असलेल्या माणसाशिवाय कोणाला ठाऊक असणार, असे मी हवालदारांना विचारले. हवालदारांनी वडिलांना विचारले, "असं बोललात का?" वडील बसायला गेले. बाकावर डोके होते, ते उचलून त्यांनी मांडीवर घेतले आणि बसले. मग म्हणाले, "बोललो." सरांनी घड्याळ बघितले आणि काम आहे म्हणून निघून गेले.

त्यापुढेही वडील अस्वलाशी पाच-सात मिनिटे बोलले. ते प्रोजेक्टरशी संबंधित नाही, म्हणून सांगत नाही.

प्रॅक्टिकल चुकवून नाचायला का जात होतो, असे हवालदारांनी विचारले. मला ते आवडते. प्रयोगशाळेत दीड वर्षात मला कोणी नावाने हाक मारली नाही. दुकानात मुले दारातून पळत येतात. आजच्या जबाबामुळे माझी हजेरी शून्य होईल व मी यंदा परीक्षेला बसू शकणार नाही, याची मला जाणीव आहे. प्रोजेक्टर मी नेलेला नाही.

एवढेच मला सांगायचे होते. हवालदारांनी लिहिलेले मला मोठ्याने वाचून दाखवले. वडिलांच्या बोलण्याचा भाग आला तेव्हा हवालदार अडखळले. वडील म्हणाले, "वाचा, वाचा. माझंच आहे ते." मजकुरात कमी-जास्त काही नाही. कोणी दमदाटी केली नाही. सही करता यावी म्हणून वडिलांनी उठून पाठीवरची चेन उघडून दिली. खालची सही माझी मी केली आहे, ती हजेरीपटावरच्या सह्यांशी जुळणार नाही. ओळख पटवणारा साक्षीदार म्हणून वडिलांनी सही केली आहे. 'जबाब देणाऱ्यास केव्हापासून ओळखता' या रकान्यात त्यांनी 'गुरुवारपासून' असे लिहिले आहे. हवालदारांनी ते दुरुस्त करायला सांगितले. त्यांनी केले नाही.