शेजारून आलेलं ताट

नरकचतुर्दशीच्या सकाळी समोरच्या कमलाबाई फराळाचं ताट घेऊन आल्या. ताट त्यांनी माझ्या हातात दिलं. त्यावरून मला कळलं की मधू गेला. मधू माझा मुलगा.

हे आधी लिही. बाकीचं सावकाश सांगते. तू जवळ सरक, आवाज आता घशाशीच बसतो माझा, मला वाटतं मी बोलले आणि समोरच्याला काही ऐकूच गेलेलं नसतं. मी हळू बोलते, तू हळू लिही. मला लिहिता आलं असतं तर तुला त्रास दिला नसता. तू माझ्या वर्गातली, तुझं अक्षर मीच वळवलं आहे, तेव्हा तू लिहिलंस काय आणि मी लिहिलं काय.

माझा जन्म इथलाच, हैदराबादच्या जामबागेतला. वडील सरकारी दफ्तरात होते, तिथला सगळा कारभार उर्दूतून, पण घरी येऊन शेरवानी खुंटीला लागली की मराठी. मला त्यांनी घरीच शिकवलं, मग शाळेत घातलं, आणि पुढे मी त्याच भागात मुलींच्या शाळेत शिकवायला लागले. लग्न झालं ते वकिलाशी. घरात हे, ह्यांच्या थोरल्या बहीण आक्का, त्या लहानपणी विधवा झालेल्या, सगळं स्वयंपाकघर त्यांच्या हाती, आणि मग मधू. मधू एकटाच. दुसरं मूल झालं नाही आणि मला कधी वाटलंही नाही की व्हावं.

आजार कसा सुरू झाला ते तुला ठाऊक असेल, तू मागच्या बाकावर बसायचीस. फळ्यावर ओळ लिहायला घेतली की पहिलं अक्षर ठीक, आणि फळ्याच्या दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत मुंगी. मुली म्हणायच्या, बाई, दिसत नाही. मी म्हणायची, डोळे तपासून घ्या. मग उजवा हात कापायला लागला, मग पाय जड झाले. सिकंदराबादच्या एका डॉक्टरांनी इंग्रजी नाव सांगितलं. मागच्या गल्लीतले हकीमसाहेब नाडी बघायचे, ते रअशा म्हणायचे. वैद्य कंपवात म्हणाले. तिघांनी तीन नावं दिली आणि हात कापतच राहिला.

पण काय सांगू तुला, हाताचं मला एवढं वाटलं नाही. रडण्याचं वाटलं. एक दिवस वर्गात एक मुलगी अकराचा पाढा म्हणत होती आणि मला रडू आलं. अकराचा पाढा! त्यात रडण्यासारखं काय आहे? बरं, मनात दुःख म्हणावं तर तेही नाही, मन आपलं कोरडं, आणि डोळ्यांतून धारा. मुली घाबरल्या. ती पाढा म्हणणारी तर बिचारी म्हणाली, बाई, माझं चुकलं का? त्या वर्षी मी शाळा सोडली.

मग ते वाढत गेलं. भाजीवालीनं भाव कमी केला तरी रडू, खिडकीत कावळा बसला तरी रडू. कधी उलट, हसू फुटायचं ते आवरायचंच नाही आणि हसता हसता परत पाणी. मी आपल्या काही युक्त्या काढल्या होत्या. रडू यायला लागलं की लांबचं काहीतरी बघायचं, समोरच्या गच्चीवरची दोरी, त्यावरचं धोतर, धोतराचा काठ, आणि मनात त्यांची नावं घ्यायची. श्वास लांब सोडायचा. पाण्याचा घोट घ्यायचा. आणि कुणी भेटायला आलं की आधीच सांगायचं, मी मधेच रडेन, तुम्ही आपलं बोलत राहा. हकीमसाहेबांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, रोना आरा तो आन देव बाईजी, उसकू रोको नक्को. मला ते बरं वाटलं होतं. मनाशी मी दोन भाग केले होते, हे आजाराचं रडणं आणि हे माझं. माझं क्वचित यायचं. यायचं तेव्हा मला बरोबर कळायचं.

घरच्यांनी मात्र दुसरं केलं. डॉक्टर म्हणाले होते मनाला धक्का बसू देऊ नका, तर ह्यांनी वर्तमानपत्र आधी स्वतः वाचायचं आणि मग ठीक वाटलं तर मला द्यायचं. येणाऱ्याला दारातच सांगायचं, तिच्यापुढे काही बोलू नका. प्रेमानंच केलं सगळं. प्रेमानं केलं हे मी आजही म्हणते.

तेव्हा देश स्वतंत्र झाला होता आणि आपण नव्हतो झालो. मधू कॉलेजात होता. एक दिवस जेवताना म्हणाला, मी सरहद्दीपलीकडे निजामाविरुद्धच्या छावणीत जातो, बरीच मुलं गेली आहेत. ह्यांनी घास खाली ठेवला. मला रडू यायला लागलं. मधू म्हणाला, आई, हे आजाराचं का तुझं? असं विचारणारा तोच एकटा होता घरात. मी म्हटलं, माझं आहे, पण तू जा. तो गेला. जाताना आक्कांच्या पाया पडला, माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला, कापायचा थांबेपर्यंत. मग गेला.

पत्रं येत नव्हती. टपाल बंद, गाड्यांत तपासणी, रझाकारांची भीती, अर्धी गल्ली घरं बंद करून निघून गेली होती. समोरच्या कमलाबाईही सोलापूरला भावाकडे गेल्या. त्या वर्षी कशालाही गडबड हे उत्तर चालत असे. दूध नाही, गडबड. पत्र नाही, गडबड.

उन्हाळ्यात एक दिवस हे सकाळी बाहेर गेले ते दुपारी आले, आणि मिशी नाही. त्यांची मिशी मी लग्नापासून बघत आलेली. मी विचारलं, हे काय? म्हणाले, अफझलगंजला न्हाव्यानं एक बाजू वाकडी कापली, म्हटलं दुसरीही काढ. मला हसू फुटलं. ते आवरेना. मी हसत सुटले, हसता हसता रडले, आणि बघते तर ह्यांच्याही डोळ्यांत पाणी. मला वाटलं, हेही हसतात. ते नदीवर स्नान करून आले होते. आदल्या दिवशी पलीकडून एक माणूस निरोप घेऊन आला होता, छावणीत विषमज्वरानं मधू गेला, तिथेच मुलांनी सगळं केलं. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी मिशीला हसत होते.

पुढचे दिवस घरी माणसं फार आली. देवाला फुलं नव्हती, आक्का म्हणाल्या फुलवाली येत नाही, गडबड आहे. माणसं बाहेरच्या खोलीत बसायची, हळू बोलायची, मग आत येऊन माझ्याकडे बघायची. मला वाटलं माझ्या आजाराची चौकशी करायला आले आहेत. काय सांगू तुला, मला बरं वाटलं. शाळा सोडल्यापासून इतकी माणसं आली नव्हती. कुणाचे डोळे भरून यायचे तर मीच समजूत घालायची, अहो, इतकं काही नाही, हात कापतो एवढंच. आक्कांना सांगून सगळ्यांना चहा दिला. हकीमसाहेबही आले. त्यांनी नाडी धरली आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळलं. मी थट्टा केली, हकीमसाहेब, माझा आजार तुम्हाला लागला वाटतं! ते लगेच उठले. चहाही अर्धाच प्यायले.

भाद्रपदात गणपती आणला नाही. गडबड. मग फौजा आल्या, चार-पाच दिवस सगळं शहर दारं लावून बसलं, आणि एका संध्याकाळी शेजारच्या रेडिओवर ऐकलं की संपलं, हैदराबादनं हात टेकले, आता आपण हिंदुस्थानात. गल्लीत लोक ओरडत बाहेर पडले. मला रडू आलं, आणि मी ह्यांना म्हटलं, आता मधू येईल. हे उठून आत गेले. आक्का चुलीपाशी पाठ करून बसल्या होत्या, त्या वळल्या नाहीत.

इतरांची मुलं परत आली. दाढ्या वाढलेली, वाळलेली, पण आली. मी रोज दाराकडे तोंड करून बसायची. हे म्हणाले, तो पुण्याला शिकायला राहिला आहे. मी म्हटलं, मला न भेटता? म्हणाले, येईल.

दिवाळी आली. त्या वर्षी दिवाळी केवढी, विचारू नकोस, जो तो दारात कंदील लावतोय, घराघरातून तळणाचा वास. आमच्याकडे काही नाही. आता गडबड म्हणायची सोय राहिली नव्हती, तर आक्का म्हणाल्या, तळणाच्या धुरानं तुला खोकला होतो. मी म्हटलं, मला कधी झाला खोकला? त्या म्हणाल्या, होतो, तुला आठवत नाही.

आणि सकाळी कमलाबाई आल्या. त्या सोलापूरहून नुकत्याच परतल्या होत्या, मधूचं त्यांनी गल्लीत ऐकलं होतं, पण त्यांना दारात बजावून ठेवायचं कुणाला सुचलं नाही. माझा हात कापतो म्हणून मी कुणाकडून काही घेत नसे, तेही त्यांच्या लक्षात राहिलं नाही. त्यांनी ताट दिलं, वर विणलेला रुमाल. ताट हलायला लागलं, आत करंज्या वाजल्या. म्हणाल्या, यंदा तुमच्याकडे कढई चढायची नाही, म्हणून थोडं आणलं. माझ्या खांद्यावर हात ठेवला, डोळे पुसले आणि गेल्या.

ज्या घरचं माणूस वर्षात गेलेलं असतं त्या घरात दिवाळीचं तळण होत नाही, शेजारपाजारचे आणून देतात. मीही अशी ताटं किती घरी दिली आहेत. मी उभी राहिले. मागच्या अंगणात आक्का भांडी घासत होत्या, त्यांचा आवाज येत होता. हे बाहेरच्या खोलीत वाचत बसले होते, मला दिसत होते. मी होते. राहिलं कोण?

मला रडू आलं नाही. कावळ्यासाठी येणारं पाणी तेव्हा आलं नाही. मी ताट घेऊन मागच्या दारी गेले, कशी गेले ठाऊक नाही, आणि विचारलं, आक्का, मधू कधी गेला? त्यांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. म्हणाल्या, कोण बोललं तुला? मी म्हटलं, ताट आलंय. त्यांनी राखेनं भरलेले हात तोंडावर घेतले.

हे धावत आले. म्हणाले, डॉक्टर म्हणाले होते, तुला सहन झालं नसतं, तू साध्या साध्या गोष्टींनी… मी म्हटलं, मी अकराच्या पाढ्याला रडते, म्हणून माझ्या मुलासाठी मला रडू दिलं नाहीत? मी त्याचं सुतक पाळलं नाही. लोक समाचाराला आले आणि मी हसून चहा पाजला. तुमच्या मिशीला हसले मी. हे खाली अंगणातच बसले आणि रडायला लागले. इतके महिने माझ्यासमोर दाबून ठेवलेलं सगळं एकदम आलं, श्वास घेता येईना त्यांना. मी शेजारी बसले. पाण्याचा तांब्या दिला, निम्मं पाणी माझ्याच हातानं सांडलं. म्हटलं, श्वास लांब सोडा. समोरच्या गच्चीकडे बघा. दोरी बघा, दोरीवर काय आहे सांगा. ते म्हणाले, धोतर. म्हटलं, काठ कसला? म्हणाले, लाल.

दुपारी हकीमसाहेब आले, कुणीतरी सांगितलं असणार. दारातच उभे राहिले, आत येईनात. म्हणाले, उस दिन मैं बी आया था बाईजी. तुम हँसके मेरेकू चाय पिलाए. मजाक किए. मैं घर जाके खाना नै खाया. मी त्यांच्याकडे बघितलं आणि मला रडू फुटलं. हे तो आवाज ऐकून आतून आले, सवयीनं म्हणाले, असू द्या हकीमसाहेब, आजारच आहे तसा. हकीमसाहेब म्हणाले, नै वकीलसाब. ये बीमारी का नै. बेटे का है. हे माझ्याजवळ खाली बसले. मग मी रडले, संध्याकाळपर्यंत, गल्लीत दिवे लागेपर्यंत. कुणी पाणी आणलं नाही. कुणी लांबचं काही बघायला सांगितलं नाही.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. आजार वाढला आहे, रडूही वाढलं आहे. ह्यांना आता एक सवय लागली, मला रडू आलं की ते विचारतात, आजाराचं का मधूचं? आजाराचं म्हटलं की पाणी देतात आणि पुन्हा वाचायला लागतात. मधूचं म्हटलं की चष्मा काढून ठेवतात आणि जवळ येऊन बसतात. दोघं बसतो. कधी कधी मला सांगता येत नाही, तेव्हाही ते बसतात.

त्यांच्यावर माझा राग आहे का, विचारतेस? आहे. जायचा नाही. त्याच माणसाच्या हातानं मी रोज जेवते, माझ्या हातात घास राहत नाही.

पुरे आता, तुझाही हात दुखला असेल. तुझ्या घरी दरवर्षी कढई चढो, बाई.

आमच्याकडेही चढते आता. आक्का तळतात, मी पाटावर बसून बघते. ह्यांनी मिशी पुन्हा ठेवली नाही. घरात आम्ही तिघं आहोत.