कोंबड्याखालची फुली

(उत्तर अलाबामातल्या टेकड्यांमधलं एक शेतघर. नोव्हेंबर १९४८, अध्यक्षपदाच्या मतदानाच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. स्वयंपाकघरात रेडिओपाशी दृष्टी गेलेला म्हातारा एसा टिडमोर आणि त्याची मुलगी व्हर्डी.)

एसा : परत बंद केलास?

व्हर्डी : मी कशाला बंद करू? खरखरत होता.

एसा : खरखर मला ऐकू आली असती. डोळे गेलेत माझे, कान नाही गेले. बटणाचा टक् आवाज आला. मघाशीपण आला होता, तो माणूस ‘आता दक्षिणेतली राज्यं’ म्हणाला तेव्हा.

व्हर्डी : चुलीवरचं बघताना हात लागला असेल.

एसा : दोनदा?

व्हर्डी : बाबा, ताकात मक्याची भाकरी कुस्करून ठेवलीय, ती खा आधी. उपाशीपोटी देशाची काळजी करायला तुम्हाला कुणी नेमलंय?

एसा : घशाखाली उतरत नाही गं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पेपरवाले महिनाभर सांगत होते, न्यूयॉर्कचा तो मिशीवाला आलाच म्हणून समजा. आणि रात्री रेडिओ म्हणतो, ट्रुमन पुढे. मध्येच म्हणतो, अजून सांगता येत नाही. माणसानं पडून तरी कसं राहायचं? लाव ना.

व्हर्डी : उठू नका, खुर्ची मागेच आहे. तुमच्या या येरझाऱ्यांनी जमीन झिजेल एक दिवस. हं, लावला.

एसा : मोठा कर. अजून. श्श! काय म्हणाला? हार मान्य केली? कुणी?

व्हर्डी : मिशीवाल्यानं. ड्यूईनं हार मान्य केली, बाबा. तुमचा ट्रुमन आला.

एसा : आला? पुन्हा सांग.

व्हर्डी : आला, आला, आला.

एसा : शाब्बास रे पठ्ठ्या! म्हटलं नव्हतं मी? सगळ्या शहाण्यांच्या तोंडाला पानं पुसली! व्हर्डी, यात माझी पण एक फुली आहे. आपल्या पक्षाच्या चिन्हावर, कोंबड्यावर, बोट ठेवून मारलेली फुली आहे माझी!

व्हर्डी : हं.

एसा : ‘हं’ काय मेल्यासारखं? तुझी आई असती तर भर सकाळी दिवा लावला असता तिनं.

व्हर्डी : तिला निमित्त लागायचं कुठं? घरात वीज आली तेव्हा आठवडाभर दिवसाढवळ्या लावून खाली बसायची. वर बघून बघून मान धरली होती तिची.

एसा : मी वर नव्हतो बघत. मी तिच्याकडे बघत होतो. दिवसा दोघंही शेतात, तिच्या तोंडावर उन्हाच्या टोपीची झालर. रात्री रॉकेलची मिणमिण. म्हातारपणी पहिल्यांदा कळलं की हसताना हिच्या गालाला खळी पडते. दोनच हिवाळे मिळाले तिला त्या दिव्याचे. पुढं माझे डोळे गेले. पण बघून घेतलं मी. ती वीज रूझवेल्टनं आणली, आणि ट्रुमन त्याचा माणूस. बाकीचं राजकारण मला कळत नाही, आणि कळून घ्यायचंही नाही.

व्हर्डी : माहीत आहे, बाबा.

एसा : आता अलाबामाचं सांगतील बघ. तू बटणापासून लांब उभी राहा.

व्हर्डी : हॉयटची गाडी आली. तुमचे चिरंजीव.

एसा : येऊ दे की. मतमोजणीच्या टेबलावर तोच होता काल. त्याच्याच तोंडून ऐकू, आपल्या भागात किती फरकानं आला ते.

हॉयट : व्हर्डी, जरा बाहेर ये. बोलायचंय तुझ्याशी.

एसा : काय असेल ते इथं बोल. ट्रुमन आला, ऐकलंस ना?

हॉयट : ऐकलं. दुकानात रेडिओ चालू होता.

एसा : मग आवाज असा का? आपल्या पक्षाचा माणूस आलाय लेका, आणि तू मयतीहून आल्यासारखा!

हॉयट : बाबा, बसा तुम्ही. अलाबामा त्याच्या बाजूनं नाही गेलं.

एसा : काय बोलतोस? कोंबडा हरला? अलाबामात?

हॉयट : कोंबडा कसा हरेल? कोंबडाच जिंकला. पाचातली चार मतं कोंबड्याला.

एसा : मग झालं तर!

हॉयट : या वेळी कोंबडा ट्रुमनचा नव्हता. थर्मंडचा होता. पक्षातून फुटून उभा राहिलेल्या, दक्षिण कॅरोलिनाच्या गव्हर्नरचा.

एसा : व्हर्डी, हा काय बरळतोय?

व्हर्डी : खरं बोलतोय. कधी नव्हे ते.

एसा : मग ट्रुमनचं चिन्ह कुठलं?

व्हर्डी : नव्हतंच. नावही नव्हतं, बाबा. देशाचा खुर्चीवर बसलेला अध्यक्ष, आणि अलाबामाच्या मतपत्रिकेवर त्याला बोटभर जागा नाही.

हॉयट : राज्यातल्या पक्षाचा निर्णय होता तो. तत्त्वाचा प्रश्न होता.

व्हर्डी : लग्नात नवरदेवालाच पान वाढायचं नाही, हे यांचं तत्त्व.

एसा : थांबा. दोघंही थांबा जरा. म्हणजे काल मी मत दिलं ते... त्या थर्मंडला?

हॉयट : तेच विचारायला आलोय मी हिला. तुमची फुली कोंबड्याखाली नव्हतीच.

एसा : मी स्वतः बोट ठेवलं होतं.

हॉयट : मोजताना एक मतपत्रिका निघाली. कोंबड्याचं चित्र झाकलं जाईल असं त्याच्या अंगावर आडवं लिहिलेलं, ‘ट्रुमन’. निळ्या पेन्सिलीनं. शाळेत मतदानाच्या टेबलांना बांधून ठेवलेल्या पेन्सिली सगळ्या काळ्या. खुडूक कोंबडीखालच्या अंड्यांवर खूण करायला निळी पेन्सिल खिशात घेऊन फिरणारी बाई या टेकडीवर एकच आहे.

व्हर्डी : बरं मग?

हॉयट : मग काय! बाद झालं ते मत. या म्हाताऱ्या माणसाला हाताला धरून नेलंस, आणि कदाचित त्याचं शेवटचं मत असेल ते...

एसा : शेवटचं कशावरून? अजून जिवंत आहे मी, इथं बसलोय. व्हर्डी.

व्हर्डी : हं.

एसा : तू माझं बोट नेऊन ठेवलंस. मी विचारलं, ‘हाच का कोंबडा?’ तू म्हणालीस, ‘हाच.’

व्हर्डी : कोंबडाच होता तो.

एसा : मी विचारलं, ‘मारलीस फुली?’

व्हर्डी : मारली म्हणाले. खोटं बोलले.

एसा : माझ्याशी? माझ्या हाताला धरून?

व्हर्डी : मग काय करू? तुम्ही कानात सांगत होतात, ट्रुमनला दे आणि कोंबड्याखाली मार. दोन्ही एकदम होणारं नव्हतं. मागं माणसं ताटकळलेली, हा टेबलामागून डोळे वटारून बघतोय. तुम्ही सकाळपासून कडक इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले, वाटभर आईचं नाव घेत आलात. तिथं कसं सांगू, की तुम्ही ज्याच्यासाठी आलात त्याला इथं जागाच नाही?

एसा : सांगायचं होतंस.

व्हर्डी : सांगायचं होतं. माझी छाती झाली नाही.

एसा : आणि स्वतः का नाही दिलंस मत? स्वतःच्या कागदावर लिहायचं होतं हवं ते!

व्हर्डी : मत द्यायला भरावा लागतो तो माझा कर वर्षानुवर्षं तुंबलाय, बाबा. तुम्हाला वयामुळं माफ आहे. माझं वय त्यात बसत नाही, आणि बाईच्या मतासाठी एवढे पैसे या घरात कधी सुटले? तुमचाच एक हात होता माझ्यापाशी.

एसा : म्हणजे ते मत तुझं होतं की माझं?

व्हर्डी : खरं सांगू? लिहिताना माझं मलाच कळलं नाही.

हॉयट : ऐका! आणि ही मला तत्त्वं शिकवते.

एसा : तू गप्प. तुझ्याकडेच वळतोय मी. कोंबडा त्यांच्या हाती गेला कधी? हे एका दिवसात होत नाही.

हॉयट : पक्षाच्या आतल्या निवडणुकीत ठरलं ते. मे महिन्यात. राज्याच्या वतीनं अध्यक्ष निवडणारी अकरा माणसं असतात, ती निवडायची होती.

एसा : मे महिन्यात. तेव्हा हिला ताप होता. मला घेऊन कोण गेलं होतं?

हॉयट : बाबा, तेव्हा सगळेच...

एसा : कोण गेलं होतं?

हॉयट : मी.

एसा : मी तुला म्हणालो होतो, ट्रुमनची माणसं बघून मार. तू म्हणालास, ‘काळजी नको.’ कुणाच्या नावापुढं मारल्यास फुल्या?

हॉयट : तुम्हाला काय माहीत, बाबा, तो माणूस काय करायला निघालाय! काळ्यांना फौजेत आपल्या पोरांच्या मांडीला मांडी लावून बसवणार. उद्या शाळेत बसवेल. तुम्ही एका दिव्यावर भाळलात, दिव्यामागचा अंधार आम्हाला बघावा लागतो. तुमच्या नातवंडांसाठी केलं मी.

व्हर्डी : म्हणजे तूही खोटं बोललास. फक्त तुझं मत बाद नाही झालं.

एसा : विजेची तार आपल्याकडे कुठून आली, हॉयट?

हॉयट : आता ते कुठं काढता?

एसा : सायलसच्या शेतावरून आली. त्या काळ्या माणसानं कापसात खांब रोवू दिला म्हणून तुझ्या आईनं दिवा पाहिला. तेव्हा तू नाही विचारलंस, कुणाच्या मांडीवरून तार आणली म्हणून.

व्हर्डी : बाबा, त्या कोंबड्याच्या डोक्यावर एक पट्टी असते. तिच्यावर काय लिहिलेलं असतं सांगू? ‘गोऱ्यांचं वर्चस्व.’

एसा : ठाऊक आहे.

व्हर्डी : तुम्हाला कुठं वाचता येतं?

एसा : वाचता येत नाही म्हणून ठाऊक नसतं असं थोडंच आहे, पोरी? सायलस मला ‘मिस्टर एसा’ म्हणतो, मी त्याला नुसतं सायलस. मतदानाला मी जायचो तेव्हा तो कापूस वेचत असायचा. दर वेळी. एवढी वर्षं मी कधी थांबून विचारलं नाही, तू का नाही येत म्हणून. विचारलं नाही, म्हणजे ठाऊकच होतं. मला कोंबड्याशी मतलब होता. माझ्या बापानं दाखवलेला कोंबडा.

हॉयट : मग आता तक्रार कसली?

एसा : तक्रार ही, की आयुष्यभर डोळे असून पाहिलं नाही, आणि डोळे गेल्यावर तुम्ही दोघांनी मिळून माझे हात वाटून घेतलेत. मे महिना तुझा, नोव्हेंबर हिचा. मी आपला खुळ्यासारखा इथं नाचतोय, माझी फुली, माझी फुली!

व्हर्डी : बाबा, चुकलं माझं.

एसा : चुकलं तर चुकलं. रडू नकोस, मला दिसत नाही, फुकट जातं. हॉयट, मोजताना नावं मोठ्यानं वाचावी लागतात ना?

हॉयट : लागतात.

एसा : तो निळ्या पेन्सिलीचा कागद?

हॉयट : मी उचलला, आणि कळायच्या आत तोंडातून निघून गेलं.

एसा : काय निघून गेलं?

हॉयट : ‘ट्रुमन.’

एसा : माणसं किती होती?

हॉयट : टेबलावरची. शिवाय दारात बरीच उभी होती, निकाल ऐकायला.

एसा : हसली?

हॉयट : नाही. कुणी हसलं नाही. टेबलावरचा क्लीटस नुसता खोकला. मग कुणीतरी म्हणालं, बाद कर, पुढचं घे.

एसा : हं. उभा का आहेस? बस. ती ताकातली भाकरी खा, मला नकोय. सकाळपासून तूही काही खाल्लेलं दिसत नाही, आवाजावरून कळतं. व्हर्डी, मक्याचं पीठ आहे?

व्हर्डी : आहे. आत्ता कशाला?

एसा : टेबलावर पसर. जाड पसर, बोटाला लागलं पाहिजे.

व्हर्डी : पसरलं. बोला.

एसा : ते नाव कसं लिहितात ते दाखव मला.

हॉयट : बाबा, या वयात? आणि चार वर्षांनी ट्रुमन उभा तरी असेल का, कोण जाणे. तुम्ही तरी...

एसा : मी तरी काय? बोल की. ट्रुमन नसला तर दुसरा कुणी असेल, अक्षरं तीच असतील ना? पहिल्यांदा माझं स्वतःचं नाव घे, व्हर्डी. ते लहान आहे. साठ-सत्तर वर्षं फुलीवर भागवलं.

व्हर्डी : हात द्या मग. बोट सरळ ठेवा. असं वर जायचं, टेकडी चढल्यासारखं. आता तसंच खाली. मध्ये एक आडवी. हे झालं तुमचं पहिलं अक्षर, ‘A’.

एसा : पुन्हा.

व्हर्डी : वर, खाली. हॉयट, खुर्ची हलवू नकोस, टेबल हलतं. आणि आडवी.

एसा : कळलं. पीठ सारखं कर.

व्हर्डी : केलं.

एसा : हं. आता हात सोड.