फुलीचा शिक्का

माझ्या पहिल्या मताचा आत्यानं कसा घोळ केला, ऐका. मशीन नव्हतं, मतपत्रिकेवर शिक्का मारायचे तेव्हाची गोष्ट. तिला मतदानाला बोलवायला आमच्याच सक्करदऱ्यातल्या तिच्या घरी गेले, तर म्हणे, "सारेच चोर. काहून येऊ वं मी?"

"घरी बसलीस तर तोच आमदार पुन्हा येईल."

मोहल्ल्यात नळ देतो म्हणून निवडून आलेला तो गडी नंतर फिरकलाच नव्हता. आत्या पदर खोचून निघाली.

रांगेत ती माझ्यापुढे होती. मत देऊन बाहेर आली ती खुशीतच. "मारली त्याच्या नावावर फुली! रद्द केला मुडद्याले!"

मी कपाळावर हात मारला. "अगं आत्या, तिथला शिक्काच फुलीचा असतो! फुली मारली म्हणजे मत त्यालाच गेलं!"

"मले नको शिकवू. गणित चुकलं तर मास्तर वहीवर काय मारत होते?"

"फुली. पण हा शिक्का पसंतीचा असतो!"

"असं? मग नापसंतीचा कुठी ठेवला होता?"

तेवढ्यात मला आत बोलावलं. मतपत्रिकेवरचं एकही नाव मला पसंत नव्हतं. राज्यशास्त्रात बी. ए. झालेली मी, शिक्का हातात धरून दुसरा शिक्का शोधत उभी.