तीस ते चाळीसचा रिले

(पंपघर. एक पंप चालू आहे. भिंतीवरच्या पॅनेलचं दार उघडं. कोपऱ्यात जळकी मोटर गोणपाटाखाली झाकलेली.)

मिस्त्री : स्टुलावर नको, मॅडम. त्याचा एक पाय स्वभावानेच आखूड आहे. या खोक्यावर बसा.

मॅडम : बसायला नाही आले, काका. हा कागद वाचा आणि खाली सही करा, एवढंच काम आहे.

मिस्त्री : कुणी लिहिलाय?

मॅडम : मॅनेजरसाहेबांनी सांगितला, मी टाइप केला.

मिस्त्री : तरीच शुद्धलेखन चांगलं आहे. ‘दोन नंबर पंपाची मोटर जळाली, त्यास मी रिले निष्काळजीपणे बसवल्याचे कारण घडले.’ घडले. छान आहे. पेन द्या.

मॅडम : लगेच?

मिस्त्री : चारच ओळी आहेत. मला पाच महिने राहिलेत रिटायर व्हायला. निरोपाला घड्याळ देतात, ते आता बहुतेक देणार नाहीत. घरी चार आहेत, चौघांचं एकमेकांशी पटत नाही. पाचवं नसलेलंच बरं.

मॅडम : मला वाटलं, तुम्ही भांडाल. साहेब म्हणाले, म्हातारा अडून बसेल, तू कडक राहा. मी जिन्यात तयारी करून आले.

मिस्त्री : मग राहा ना कडक. मी थांबतो.

मॅडम : चेष्टा नको. हे सर्व्हिस बुकात जाईल, कळतंय ना? चौतीस वर्षांत तुमच्या देखरेखीखाली एकही मोटर जळली नाही, असं वॉचमनसुद्धा सांगतो.

मिस्त्री : त्याला आता बदल करावा लागेल सांगण्यात.

मॅडम : काका, सरळ विचारते. मोटर जास्त करंट ओढायला लागली की रिलेने ती बंद करायची. दुसरं कामच नाही त्याला. रिले बसवला तुम्ही. तो ट्रिप झाला नाही. वायर सैल राहिली होती का?

मिस्त्री : नाही.

मॅडम : चुकीच्या जागी जोडली गेली?

मिस्त्री : नाही.

मॅडम : मग सही कशाबद्दल करताय?

मिस्त्री : तुमचं कायम झाल्याचं पत्र कधी मिळणार?

मॅडम : पुढच्या गुरुवारी. त्याचा इथे काय संबंध?

मिस्त्री : काही नाही. पेन द्या.

मॅडम : आता तर मुळीच देणार नाही.

मिस्त्री : बरं. मग तुमच्या कमरेला तो क्लॅम्प मीटर आहे, तो काढा. शोभेला लावता की चालतो?

मॅडम : चालतो.

मिस्त्री : जळकीच्या जागी ही दुसरी मोटर परवा बसवली, तिची जुळी बहीणच. नेमप्लेटवर चाळीस अँपिअर, हिच्याही आणि तिच्याही. पॅनेलमध्ये वरून येणाऱ्या या वायरीला मीटर लावा. नुसतं कवेत घ्या, बाकी कशाला हात नको. किती?

मॅडम : अडतीस. बरोबर आहे, पूर्ण लोडला थोडा कमी.

मिस्त्री : आता खाली या. रिलेतून निघून मोटरकडे जाणारी वायर. तिला लावा.

मॅडम : बावीस.

मिस्त्री : हं.

मॅडम : मीटरची बॅटरी उतरली असेल.

मिस्त्री : उतरली असेल. वर लावून बघा पुन्हा.

मॅडम : अडतीस. …खाली बावीस.

मिस्त्री : बॅटरी फक्त खालीच उतरते म्हणायची.

मॅडम : थांबा. थांबा जरा. हा स्टार-डेल्टा आहे.

मिस्त्री : मी आलो तेव्हापासून. मोटर हळू सुरू व्हावी म्हणून आधी स्टारमध्ये फिरते, मग डेल्टात जाते. डेल्टात करंट दोन वाटांनी आत शिरतो. वाड्याला दारं दोन आणि पहारेकरी एका दारावर, तसा हा रिले. दुसऱ्या वाटेनेही बावीसच जातात. आता बावीस आणि बावीस अडतीस कसे होतात, ते तुमच्या पुस्तकात असेल. माझ्याकडे फक्त मीटर असतो.

मॅडम : भागिले रूट तीन. चाळीसचे तेवीस होतात. परीक्षेत आलं होतं, चार मार्कांना.

मिस्त्री : मिळाले?

मॅडम : चारही.

मिस्त्री : मग झालं तर. शिक्षण वाया गेलं नाही.

मॅडम : जुना रिले सतरा ते पंचवीसचा होता. तेवीसवर लावलेला.

मिस्त्री : मीच लावला होता.

मॅडम : आणि मी ऑडिटला आले आणि म्हटलं…

मिस्त्री : राहू द्या.

मॅडम : म्हटलं, चाळीसच्या मोटरला पंचवीसचा रिले कुणी बसवला, म्हणूनच हा आठवड्यातून तीनदा ट्रिप होतो. नेमप्लेट वाचता येत नाही का. सगळ्यांसमोर म्हटलं.

मिस्त्री : सगळे नव्हते. तिघं होते. चौथ्याला दुपारी कळलं.

मॅडम : मग ट्रिप का व्हायचा तो?

मिस्त्री : पंपाच्या तोंडात चिंध्या यायच्या. अडकल्या की मोटर जोर लावायची, रिले बंद पाडायचा, मी चिंध्या काढायचो, उत्पादनवाले साहेब वरून खाली यायचे आणि माझ्या नावाने खडे फोडायचे. जाळी बसवा म्हणून तीन अर्ज दिले. अर्ज फायलीत अडकले, चिंध्या पंपात. फायलीला रिले नसतो.

मॅडम : मी तीस ते चाळीसचा मागवला. चाळीसवर लावायला सांगितला. एकवीस दिवस एकदाही ट्रिप नाही. मीटिंगमध्ये माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या, काका.

मिस्त्री : इथवर आल्या ऐकू.

मॅडम : आणि त्या वेळी मोटर…

मिस्त्री : तापत होती. चिंध्या अडकल्या की पंचावन्न ओढायची. रिलेला त्यातले बत्तीसच दिसायचे. त्याला सांगून ठेवलेलं, चाळीसपर्यंत तोंड उघडायचं नाही. आज्ञाधारक निघाला.

मॅडम : तुम्हाला हे सगळं ठाऊक होतं.

मिस्त्री : हो.

मॅडम : आणि तुम्ही बसवलात.

मिस्त्री : तीन वायरी, सहा स्क्रू. दहा मिनिटं हातात धरून इथेच बसलो होतो. मग बसवला.

मॅडम : मला सांगायचं होतं. चार शब्द.

मिस्त्री : म्हणालो होतो, ‘जुना बरा होता, मॅडम.’ चारच शब्द होते, मोजून.

मॅडम : त्याला सांगणं म्हणतात?

मिस्त्री : नाही म्हणत. तुमच्याआधी चार साहेब आले. चौघांना मीटर लावून दाखवलं. चौघांनीही आधी नेमप्लेट वाचायला सांगितली होती. पाचव्यांदा तोंड उघडायच्या आधीच कंटाळा आला. कंटाळाही नाही म्हणता यायचा. राग आला. मनात म्हटलं, जळू दे एक. मग येतील विचारायला.

मॅडम : आले ना.

मिस्त्री : दुसऱ्या दिवशी राग उतरला. पण तोवर साहेबांनी तुमचं कौतुक सगळ्या खात्यांत फिरवलं होतं. कुठल्या तोंडाने मध्ये पडायचं? मग मी रोज दोनदा मोटरला तळहात लावून बघायला लागलो. जास्त गरम लागली की पंप बंद करायचा, चिंध्या काढायच्या, पुन्हा चालू. कुणाला कळायचंही नाही. एकवीस दिवस रिलेची ड्युटी माझ्या हाताने केली. रविवारी मला सुट्टी असते. रविवारी जळाली.

मॅडम : काका…

मिस्त्री : ऐका, अजून आहे. सोमवारी सकाळी या दारातच वास आला. आणि मला बरं वाटलं. पाव मिनिट. मग रविवारच्या पाळीने टाकलेलं गोणपाट काढून तिचं तोंड बघितलं आणि खाली बसलो. ही सही त्या पाव मिनिटाची आहे. रिले नीटच बसवला होता मी.

मॅडम : ते पाव मिनिट या कागदात कुठेच नाही.

मिस्त्री : तुमचा रिलेही नाही. साहेबांनी कागद दोघांच्या सोयीने केलाय. मला पाच महिने, तुम्हाला तीस वर्षं काढायचीत. सोपा हिशेब आहे, यात रूट तीनही लागत नाही.

मॅडम : बाबांनी गुरुवारची रजा काढलीय. पत्र हातात धरून माझा फोटो काढायचाय त्यांना. नवा शर्ट आणलाय, स्वतःसाठी.

मिस्त्री : बघा, शर्ट आलाय. पेन द्या आता.

मॅडम : पेन मलाच लागेल. कागद द्या इकडे. पाठ कोरी आहे ना?

मिस्त्री : काय करताय?

मॅडम : लिहितेय. ‘रिलेची निवड माझी. मी मोटरची नेमप्लेट वाचली, पॅनेलची जोडणी वाचली नाही. त्यामुळे मोटर जळाली.’

मिस्त्री : ‘घडले’ नाही टाकलंत कुठे?

मॅडम : नाही.

मिस्त्री : गुरुवारचं काय?

मॅडम : शर्ट काय, कधीही घालता येतो. काका, माझ्याकडे असं बघू नका, नाहीतर मी हे फाडेन. खरंच फाडेन.

मिस्त्री : नाही बघत. तुमच्या सहीखाली जागा सोडा थोडी.

मॅडम : कशाला?

मिस्त्री : ‘मला माहीत होते. एकदा पुटपुटलो, सांगितले नाही.’ माझं अक्षर वाईट आहे, तुम्ही लिहा. सही मी करतो.

मॅडम : साहेब चिडतील. फॉर्मवर ‘जबाबदार व्यक्ती’ असा एकच रकाना आहे.

मिस्त्री : अक्षर बारीक काढू.

मॅडम : आता हा चालू पंप. याचा रिले अजून त्याच चाळीसवर आहे ना? बंद करते.

मिस्त्री : वरून फोन येईल लगेच.

मॅडम : मी घेईन. …झाला बंद. जुने रिले भंगारात गेले असतील.

मिस्त्री : कागदावर गेले. प्रत्यक्षात माझ्या पेटीत आहेत, पाचही.

मॅडम : पाच? हो. पाच पॅनेल बदलली होती मी. बाकीच्या चार मोटरी?

मिस्त्री : चालू आहेत. सकाळी हात लावून आलो. कोमट होत्या.

मॅडम : मग आधी हा, लगेच ते चार, कागद नंतर वर नेऊ. स्क्रू मी काढणार. स्क्रूड्रायव्हर द्या.

मिस्त्री : नाही देणार.

मॅडम : काका, आता कशाचा राग?

मिस्त्री : राग नाही. तुम्ही पंपाचं बटण दाबलंत. मेन चालूच आहे, वरच्या वायरीत अजून जीव आहे.

मॅडम : …बंद केला मेन.

मिस्त्री : मीटर लावून बघा.

मॅडम : शून्य.

मिस्त्री : तो करंट झाला, पंप थांबला की शून्यच दाखवणार. व्होल्टेजवर घ्या आणि तिन्ही वायरी तपासा.

मॅडम : शून्य. शून्य. …शून्य.

मिस्त्री : आता घ्या.