नाव नसलेली फ्रेम

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोघे बसले होते. उजवा खांदा धरून बसलेले दाजी आणि त्यांना घेऊन आलेला मेहुणा.

“दाजी, इतकी वर्षं थांबलात आणि शेवटी सायकलची बिननावाची कार्बन फ्रेम घेतलीत?”

“परवडली म्हणून घेतली.”

“अजून थोडं थांबायचं, पण नावाजलेल्या कंपनीची घ्यायची. सायकलवाले पहिलं तेच विचारतात, कुठली म्हणून.”

“त्याच कंपनीची आहे ती.”

“मग नाव कुठंय?”

“मी चिकटवायला विसरलो.”

“म्हणजे?”

“कारखान्यात माझं कामच ते. सगळ्या फ्रेम एकाच साच्यातल्या. काहींवर मोठं नाव चिकटवायचं, बाकीच्या कोऱ्याच स्वस्तात जातात. एक दिवस खांदा फार ठणकत होता, तेव्हा नाव लावायची एक माझ्या हातून तशीच कोरी गेली.”

“मग?”

“गिऱ्हाइकानं परत पाठवली. म्हणे, जड आहे, चढावर दमवते.”

“तुम्ही सांगायचं ना, माझी चूक झाली म्हणून!”

“सांगितलं. साहेब म्हणाले, राहू दे, आता कोऱ्यांत टाक. मग मीच घेतली, कोरीच्या भावात.”

“आणि चढावर कशी आहे?”

“चढावर मी दमतो. तिचं काही नाही.”

“अहो, मग एक स्टिकर आणा की! रविवारी बसून लावून टाका, कोण विचारतंय?”

“दिवसाला दोनशे चिकटवतो रे. रविवारी त्यासाठी हात उचलवत नाही.”